भाऊबीजेनंतरचे दहा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी पुरवणीची जुळवाजुळव आता तुमच्याकडे सुरू झाली असेल. तिच्यात रांगोळी, फराळ आणि सोन्याचा भाव यांच्या शेजारी थोडी जागा आम्हाला हवी आहे, म्हणून हे पत्र. सणासुदीत येणारं एकटेपण आणि मनाची मरगळ यांवर दर वर्षी काही ना काही छापून येतं, पण ते बहुधा 'सकारात्मक राहा, छंद जोपासा' इथंच थांबतं. ज्याला ते जमतं त्याला सल्ला लागतच नाही.

पहिली गोष्ट वेळेची. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत फोन वाजत असतो, दार वाजत असतं, हातात काम असतं. माणूस खचतो तो नंतर. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेची आणि तुळशीची लग्नं द्वादशीपासून. मधले दहा दिवस इंदूरच्या मराठी घरांत फार शांत असतात. पुण्याची, बंगळुरूची मुलं परत गेलेली असतात. घरात उरतं ते अर्धा डबा चिवडा, जास्तीच्या चार उशा आणि नातवाचा विसरलेला एक मोजा. पाश्चात्य देशांत नाताळात सर्वाधिक आत्महत्या होतात असा समज आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत वर्षातल्या सर्वांत कमी प्रमाणाच्या महिन्यांत डिसेंबर मोडतो. युरोपातल्या एका पाहणीत मोठ्या सणाआधी असे प्रयत्न घटलेले आणि सण उलटल्यावर वाढलेले दिसले. सणाआधी माणूस कशाची तरी वाट पाहत असतो. सण सरला की वाट पाहण्यासारखंही काही राहत नाही. म्हणून ज्यांना कुणासाठी काही करायचंय त्यांनी दिवाळीच्या गर्दीत आणखी एक फोन करण्याऐवजी हे दहा दिवस वाटून घ्यावेत. कॉलनीतली चार घरं मिळाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात, आणि भेट वीस मिनिटांची पुरते.

भेटीतही वेळ बघावी. जूनमध्ये इंदूरला सूर्य सव्वासातला मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेसहाला. कातरवेळ दीड तास आधी येते आणि जेवणापर्यंत लांबते. एकट्या माणसाला दिवसात सर्वांत जड जाणारा हाच काळ, सहा ते आठ. सकाळी अकराला डोकावून 'काकू, बऱ्या आहात ना?' विचारलं तर 'हो, मजेत' हेच उत्तर मिळणार, कारण त्या वेळी त्या खरंच बऱ्या असतात.

'कधीही या' हे आमंत्रण नव्हे. ज्याला आपण कुणाला नकोसे झालोय असं वाटत असतं, तो अशा आमंत्रणावर कधीच येत नाही. बोलावताना वार, वेळ, काम आणि ने-आण या चारही गोष्टी सांगाव्यात. 'गुरुवारी साडेसहाला मी रिक्षा घेऊन खाली उभी राहते, आठला परत सोडते' असं म्हटलं की नाही म्हणायला जागा कमी उरते. इंदूरच्या मराठी माणसाला कार्यक्रमांची वाण नाही. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद संस्थेची नाटकं आहेत, राजेंद्रनगर-लोकमान्यनगरकडे भजनी मंडळं आहेत. पण म्हातारा माणूस कार्यक्रमाला जात नाही तो कार्यक्रम आवडत नाही म्हणून नव्हे. न्यायला कोण येणार, जिने किती, कडेची खुर्ची मिळेल का आणि स्वच्छतागृह कुठे, या चार प्रश्नांवर गाडी अडते. त्यांची उत्तरं आधीच देऊन ठेवावीत.

त्याहून बरं म्हणजे काही मागायला जाणं. मदत घेऊन घेऊन माणूस ओशाळा होतो. त्याच्याकडे काही मागितलं की जरा सावरून बसतो. 'आजी, चिवडा मऊ पडलाय, कढईत परतू का उन्हात ठेवू?' या प्रश्नाला 'कशा आहात'पेक्षा लांब उत्तर येतं. मंद आचेवर परत, चमचा सारखा हलव, पोहे लाल होऊ देऊ नको, पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नको, कुठल्या दुकानाचे पोहे आणलेस, असं पंधरा मिनिटं चालतं. हेच आपल्याला हवं असतं. वाती वळून मागाव्यात, मुलाचे पाढे ऐकायला बसवावं, जुन्या मोडी कागदातली एखादी ओळ वाचून घ्यावी. काम खरं हवं. खोटं काम म्हाताऱ्यांना लगेच कळतं आणि ते जास्त लागतं.

दिवाळीच्या आतला एकच दिवस आम्ही वेगळा काढतो, तो पाडवा. लक्ष्मीपूजनाला सगळ्या घराचं काम असतं, पाडवा मात्र नवरा-बायकोचा. जोडीदार गेलेल्यांना त्या संध्याकाळी जागाच नसते आणि हे कुणी बोलत नाही. आपल्या माळव्यात पाडव्याला थोरांना धोक द्यायला, म्हणजे नमस्कार करायला, जायची रीत आहे, तिचा इथे चांगला उपयोग होतो. मुलांना घेऊन दिवेलागणीला अशा घरी जावं, पाया पडावं आणि 'आमच्या पोराला ओवाळा' असं म्हणून निरांजनाचं ताट त्यांच्याच हातात द्यावं. विधवा बाईने ओवाळायचं की नाही हा प्रश्न कुणी काढलाच तर त्याला बाहेरच्या ओट्यावर बसवावं, आत घेऊ नये. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, इतकी सोय आपल्या रीतींत आहेच.

वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल तर आपल्याकडे त्या घरी फराळ करत नाहीत, आप्त-शेजारी आणून देतात. या रीतीतलं शहाणपण हल्ली निसटू लागलंय. 'त्यांच्याकडे यंदा सण नाही' म्हणत लोक जिना चुकवतात आणि मोबाइलवर पणतीचं चित्रही पाठवत नाहीत. डबा न्यावा, साधा न्यावा, अर्धा तास बसावं आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. नाव काढलं तर त्यांना रडू येईल ही भीती असते. रडू येतंच, ते नाव न घेतल्यानं थांबत नाही. 'आता सावरा' मात्र म्हणू नये. घरच्यांनी आठवडाभर आधी एक कागद घेऊन गेलेल्या माणसाची दिवाळीतली कामं लिहून काढावीत: आकाशकंदील कोण टांगायचं, लाह्या-बत्तासे कोण आणायचं, पहाटे बंब कोण पेटवायचं किंवा गिझर कोण लावायचं. प्रत्येक कामापुढे नवं नाव घालावं. हे ठरलं नाही तर आयत्या वेळी स्टुलावर चढायला कुणी नसतं, आणि त्या दोन मिनिटांत सगळं घर कोसळतं.

परदेशातल्या मुलांच्या फोनबाबत एक बारीक गोष्ट. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. न्यू जर्सीचा मुलगा रोज त्याच्या सकाळी नऊला फोन करत असेल तर तो उन्हाळ्यात इथे साडेसहाला येतो, त्या रविवारनंतर साडेसातला. इकडे आई साडेसहापासून फोन समोर ठेवून बसलेली. मुलगा आपल्या वेळेवरच असतो, पण तिचा तास नेमका कातरवेळेत भाजून निघतो, तोही बहुधा दिवाळीच्याच आसपास. मुलांनी आधी सांगावं आणि वेळ भारताच्या घड्याळावर ठरवावी. दीड तासाच्या एका फोनपेक्षा वीस मिनिटांचे तीन बरे. 'काय विशेष?' विचारण्याऐवजी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून दोघांनी आपापली भाजी निवडत बसावं. उजेड तोंडावर पडू द्यावा, खिडकी पाठीमागे आली तर समोरच्याला नुसती सावली दिसते.

घर भरलेलं असूनही एकटं पडण्याचं एक कारण फार साधं असतं आणि हमखास नजरेतून सुटतं: कमी ऐकू येणं. सहा जण एकदम बोलतात, टीव्ही चालू असतो, बाहेर फटाके. आजोबा हसतात, मान डोलवतात आणि थोड्या वेळानं 'पडतो जरा' म्हणून आत जातात. लोक समजतात थकले. आधी कानात मळ साठलाय का ते डॉक्टरकडून बघून घ्यावं. घरी काडी घालू नये, मळ आणखी आत जातो. श्रवणयंत्र असेल तर बॅटरीची पट्टी धनत्रयोदशीच्या आधी आणून ठेवावी, नंतर दुकानं बंद. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर ती एखादं मिनिट तशीच उघडी ठेवावी आणि मग बसवावी, तिला हवा लागते. फटाक्यांच्या आवाजानं यंत्र काढून ठेवतात आणि परत घालायचं राहून जातं, म्हणून रात्री जेवायला बसताना आठवण करावी. बसवायचं ते भिंतीला पाठ करून, टीव्ही बंद, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. आणि एका वेळी एकानं बोलावं, जे मराठी घरात कठीणच आहे.

आता ज्याचं मन स्वतःच मरगळलंय त्याच्यासाठी. इच्छा झाली की उठू, असं ठरवलं तर उठणं होत नाही. या अवस्थेत आधी हालचाल होते, इच्छा मागून येते. वहीच्या पानावर रोज तीनच कामं लिहावीत: एक शरीराचं, एक घराचं, एक माणसाशी बोलण्याचं. प्रत्येकापुढे घड्याळाची वेळ. काम करण्याआधी मन कसं आहे त्याला शून्य ते दहामध्ये आकडा द्यावा, झाल्यावर पुन्हा द्यावा. तीनाचे चार झाले तरी ते पानावर दिसतं, नाहीतर 'कशानंच काही होत नाही' हेच खरं वाटत राहतं. हमखास चूक होते ती कामाच्या मापात. 'कपाट आवरणे' हे काम नाही, 'कपाटाचा खालचा खण, दहा मिनिटं' हे काम आहे. 'फिरायला जाणे' जड वाटलं तर 'चपला घालून फाटकापर्यंत' एवढंच लिहावं. आठवडाभर पान रिकामं राहिलं तर आळशी म्हणून स्वतःला बोल लावू नये, काम अर्ध्यानं लहान करावं. सकाळी सात ते नऊमधलं वीस मिनिटं ऊन घ्यावं. झोपेचं घड्याळ त्यानं जागेवर राहतं.

झोपेचा हिशेबही नीट मांडावा. अंधार पडला, करायला काही नाही, म्हणून साडेआठला अंथरूण धरलं तर साडेतीनला जाग येणारच. सात तास झालेले असतात. तो आजार नव्हे, वजाबाकी आहे. दहापर्यंत अंथरुणाला पाठ लावू नये, दुपारची झोप अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत, चारनंतर चहा नाही. दहाला झोपूनही रोज तीनला जाग येत असेल, पुन्हा डोळा लागत नसेल आणि सकाळ संध्याकाळपेक्षा जड जात असेल, तर मात्र पुढचं वाचावं.

एकटं राहणं, एकटेपण वाटणं आणि नैराश्याचा आजार या तीन निराळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो. त्यांतले अनेक जण भरल्या घरात राहतात. एकटेपण मोजायला तीन प्रश्न वापरतात: सोबतीला कुणी नाही, आपल्याला बाजूला ठेवलंय, आपण सगळ्यांपासून तुटलोय, असं किती वेळा वाटतं? क्वचितला एक, कधी कधीला दोन, बरेचदाला तीन गुण. बेरीज सहा किंवा वर गेली तर वर सांगितलेली माणसांची, वेळांची व्यवस्था लावायला घ्यावी. आजारासाठी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, आणि मन खिन्न किंवा निराश राहिलं, असं किती दिवस झालं? मुळीच नाहीला शून्य, काही दिवसांना एक, निम्म्याहून जास्त दिवसांना दोन, जवळजवळ रोजला तीन. दोन्हींची बेरीज तीन किंवा अधिक आली तर डॉक्टरांकडे जावं. त्यानं निदान होत नाही, जायला हवं एवढं कळतं. वयस्कर माणसं 'उदास आहे' म्हणत नाहीत. ती म्हणतात पोटात गॅस धरतो, छातीवर दडपण येतं, पाय ओढतात, तोंडाला चव नाही. हृदयाची तपासणी नीट निघाली की विषय संपवू नये. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्यावी. शाकाहारी घरांत बी-12 कमी निघणं नेहमीचंच, आणि त्यानंही माणूस असाच मलूल दिसतो.

गोळ्यांविषयी थोडं सविस्तर, कारण दिवाळीत घोळ इथेच होतो. नैराश्यावरची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात लागू पडत नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला त्याहून जास्त. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवसांचं अंतर आहे. दसऱ्याला सुरू केलेली गोळी तोवर कुठे हात देऊ लागते. म्हणून 'दिवाळी होऊ दे, मग बघू' हे उलटं आहे. चालू असलेली गोळी सणात संपू देऊ नये. दवाखाने चार-पाच दिवस बंद असतात, पट्टी संपते आणि दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ लागतं. अचानक बंद केल्याचा तो परिणाम असतो, पण लोक समजतात आजार उलटला किंवा गोळीची सवय लागली. धनत्रयोदशीच्या आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या मोजून घ्याव्यात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून सोडू नये. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. वयस्कर माणूस नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गोंधळल्यासारखा वागू लागला, तोल जाऊ लागला, तर रक्तातलं सोडियम लगेच तपासावं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र नको, 'सणाचा एक पेग' असला तरी नको.

मनोविकार म्हटलं की इंदूरकराच्या डोळ्यांपुढे बाणगंगेचं मनोरुग्णालय उभं राहतं आणि पाय मागे येतो. पहिली भेट तिथेच हवी असं नाही; आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात होऊ शकते. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

भंवरकुआंच्या कोचिंगला आलेली खंडवा-बुऱ्हाणपूर-जळगावकडची मुलं सणात खोलीवर राहतात तेव्हा त्यांची मेस बंद असते, मजल्यावर दुसरा दिवा नसतो. त्यांना फराळाच्या पुड्यापेक्षा दोन वेळचं जेवण आणि पंगतीत जागा हवी असते. घरमालकांनी एवढं बघितलं तरी पुष्कळ.

आणि जे विचारायला सगळे बिचकतात ते. माणूस निरवानिरवीचं बोलू लागला, वस्तू वाटू लागला, किंवा फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत झाला, तर सरळ विचारावं: 'जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणी तरी विचारलं म्हणून बोलणं सुटतं. उत्तर 'हो' आलं तर 'असं बोलू नये' म्हणू नका. ऐका, एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशकं दुसऱ्याच्या ताब्यात द्या, 14416 लावा. जिवावर बेतेल असं दिसलं तर 112. पोलिसांचं लचांड होईल या भीतीनं घरचे दडवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानून शिक्षेतून वगळलं आहे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

शेजाऱ्यांसाठी एक इंदुरी खूण. कचरागाडी आपल्याकडे रोज सकाळी गाणं वाजवत येते. एकट्या राहणाऱ्या माणसाचा डबा दोन दिवस खाली आला नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता जिना चढावा.

राहिली तुमच्याकडची मागणी. वरचे तीन क्रमांक पुरवणीत न छापता भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात, पंचांगाच्या चौकटीखाली छापा. ती चौकट एकटी माणसं रोज वाचतात. त्याच पानावर तुळशीच्या लग्नापर्यंतच्या दहा दिवसांतले शहरातले मराठी कार्यक्रम द्या, वेळ आणि जिन्यांच्या संख्येसह. आणखी एक. दिवाळीच्या सुट्टीमुळे एक दिवस अंक निघत नाही. पहाटे दाराशी पेपर नाही म्हणजे काहींचा सकाळचा पहिला तास जातो. आदल्या अंकात नेहमीच्या दुपटीनं मोठं शब्दकोडं द्यावं. उत्तरं मात्र लगेच नकोत, भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी छापा, म्हणजे मधल्या काळात कुणाला तरी फोन करून 'आडवा सात काय आलाय तुला?' असं विचारता येईल.

आपले,
मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक व परिचारिका,
इंदूर